कुंडीतली तुळस आणि दारातली तहान

गळ्यात तुळशीची माळ आणि दारात तुळशीचे रोप, ही वारकऱ्याची दोन लक्षणे परंपरेने चालत आली आहेत. त्यांपैकी माळेला पाणी लागत नाही; रोपाला लागते. माळ घातली की ती आपोआप आपल्याबरोबर हिंडते. रोप मात्र जेथे ठेवले तेथेच राहते आणि आपली वाट पाहते. पूर्वी अंगणात मातीचे वृंदावन असे आणि तुळशीचे मूळ भुईत खोल उतरे. आता अंगणे आखडली, फरश्या आल्या, आणि तुळस कुंडीत आली. त्यात वाईट काही नाही. देव विटेवर उभा राहिला, मग तुळस कुंडीत राहिली म्हणून काय बिघडले? पण कुंडीबरोबर एक प्रश्नही घरात आला, आणि त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही.

प्रश्न असा : वैशाखाचे ऊन आहे, पाण्याची टंचाई आहे, माणसे तहानलेली आहेत. अशा वेळी कुंडीतल्या तुळशीला पाणी घालावे की नाही? घालावे तर कोणते, आणि कोणाच्या आधी? ऐकायला प्रश्न सोपा आहे. पण तो आमच्याच ओसरीवर आला तेव्हा चाळीस वर्षे कीर्तन करूनही आम्हाला त्याचे उत्तर देता आले नाही. म्हणून हे लिहावयास बसलो.

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याचे. घाटाला अडलेले मेघ येथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस टाकून जातात. बाहेरच्या माणसाला वाटावे, येथे पाण्याला काय तोटा! पण डोंगर काळ्या पाषाणाचा, उतार तीव्र. पडलेले पाणी मुरत नाही. उल्हास आणि पाताळगंगा यांच्या वाटेने खाडीला जाऊन मिळते. होळी झाली की वरच्या अंगाच्या विहिरी तळ दाखवू लागतात. खाली मात्र नदी वाहतच असते. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खोपोलीच्या टाटा वीजघरातून १९१५ सालापासून पाताळगंगेस मिळते, आणि भिवपुरीच्या वीजघरातून १९२२ सालापासून पेज नदीस मिळते. त्यामुळे या नद्यांना भर वैशाखातही पाणी असते. आणि त्याच पाण्याकडे वरून पाहत, डोंगरउतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन ओहोळातले झिरे उकरीत बसतात. पाणी डोळ्याला दिसते, घशाला मिळत नाही. हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो, आणि पाहून पाहून सरावलो. सरावलेला डोळा आंधळाच म्हणायचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चौक-कर्जत रस्त्यालगत आमचे गाव. वैशाखात जवळच्या एका गावी हरिनाम सप्ताह होता. रात्री आमचे कीर्तन झाले. आख्यान नाथांचे लावले होते. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न्यायची, आणि वाटेत वाळवंटात तडफडणारे गाढव दिसताच नाथांनी ती त्याच्या तोंडात रिती केली, ही कथा कोणाला ठाऊक नाही? त्या रात्री रंग चांगला भरला. ऐकणारे रडले, खरे सांगायचे तर आम्हीही रडलो.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. दोन दिवस नळाला पाणी नव्हते. घरात दोनच हंडे शिल्लक, त्यांतला एक पिण्याचा. आम्ही स्नान आवरून तांब्याभर पाणी घेतले आणि तुळशीपाशी आलो. ही कुंडी साजगावची. कार्तिक वद्य एकादशीला तेथे धाकट्या पंढरीची यात्रा भरते, तेथून आम्ही ती हौसेने आणली होती. तेवढ्यात एक ठाकरीण दारात उभी राहिली. डोक्यावर करवंदांची पाटी, कडेवर पोर. म्हणाली, “बाबा, पोराला जरा पानी द्या.” आणि आमच्या तोंडून काय निघाले? “थांब बाई, हे तुळशीचे पाणी आहे. पूजा होऊ दे.”

ती थांबली. वाद घातला नाही. आम्ही संकल्प म्हणू लागलो. इतक्यात आमची सून आतून आली, तिने आमच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि त्या बाईच्या ओंजळीत धरला. आमच्याकडे वळून एवढेच म्हणाली, “मामंजी, तुळस संध्याकाळी पिईल.” पोर प्यायले, मग आई प्यायली. जाताना तिने द्रोणभर करवंदे ओसरीवर ठेवली. पैसे दिले ते घेतले नाहीत.

रात्री रडलो होतो ते गाढवासाठी. सकाळी माणूस दारात आला तर त्याला थांबवले. आख्यान तोंडपाठ होते, पण ते तोंडातच राहिले होते.

पुढचा भागही सांगावा लागेल, कारण त्याच्याशिवाय गोष्ट अर्धीच राहते. मनाला टोचणी लागली. तुळशीची पूजा त्या दिवशी खंडित झाली होती. तिची भरपाई करावी म्हणून आम्ही दुसऱ्या दिवसापासून तिची दुप्पट सेवा आरंभली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. पंचामृताची वाटी मुळाशी. गोठ्यातले ताजे शेण आणून कुंडीत थापले, की तुळशीला बळ यावे. हळद-कुंकवाचा थर बसला. कुंडीला लागून समई. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडून गळली आणि शेवटी काटकी उरली. ती तुळस पाण्यावाचून गेली नाही. ती आमच्या भक्तीने गेली.

या दोन्ही गोष्टी आम्हाला पुष्कळ दिवस वेगवेगळ्या वाटत होत्या. एक पाप माणसाबाबतचे, एक चूक झाडाबाबतची. विचार करता करता ध्यानात आले की चूक एकच आहे. बाई दारात आली तेव्हा आम्ही तिच्याकडे पाहिले नाही, आपल्या पूजेकडे पाहिले. तुळशीला दुप्पट घातले तेव्हाही तुळशीकडे पाहिले नाही, आपल्या प्रायश्चित्ताकडे पाहिले. सेवा म्हणून जे जे केले त्यात सेव्य कोठे नव्हतेच. होते ते आमचे पुण्य.

आता शास्त्राच्या अंगाने पाहू. झाडाला तहान असते का? महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाजाने भृगूला हेच विचारले आहे. झाडांना इंद्रिये आहेत काय? भृगू सांगतो, आहेत. उष्णतेने पान कोमेजते, म्हणजे त्याला स्पर्श कळतो. ते मुळांनी पाणी पिते, म्हणजे त्याला रसना आहे. म्हणूनच संस्कृतात झाडाला पादप म्हणतात. पायांनी पिणारा तो पादप. या शब्दाचा अर्थ आम्ही पाठशाळेत पाठ केला, पण तो कळला कुंडीपाशी. रानातले झाड पायांनी पिते आणि पायांनीच पाण्याकडे चालतही जाते. वर ऊन वाढले की मूळ खाली ओल शोधीत उतरते. कुंडीतल्या झाडाचे पाय आपण बांधले. वीतभर उतरले की खापर लागते. आता त्याने ओल शोधावी कोठे?

म्हणून रानातल्या झाडाविषयी दया असावी, पण कुंडीतल्या झाडाविषयी नुसती दया पुरत नाही; तेथे ऋण आहे. धर्मशास्त्रात पोष्यवर्ग सांगितला आहे. आईबाप, बायकामुले, आश्रित, ज्यांचे पोषण आपल्याला टाळता येत नाही ते सगळे त्यात येतात. ज्याची स्वतंत्र उपजीविका आपण काढून घेतली तो आपला आश्रित झाला, असा याचा आशय. ही कसोटी लावली तर कुंडीतले प्रत्येक रोप पोष्यवर्गात येते. मग ती तुळस असो, मोगरा असो की कोरफड असो.

आमच्या भागात अलीकडे बंगले आणि फार्महाउसे पुष्कळ झाली. आषाढात रोपवाटिकेतून हौसेने कुंड्या येतात, ओळीने मांडल्या जातात, पावसात त्या डोलतात. वैशाखात त्याच ओळीत वाळल्या काटक्या उभ्या असतात. पण त्या मालकांना तरी काय बोलायचे? आपणही कार्तिकात तुळशीचे लग्न लावतो, ऊस उभा करतो, चिंचा-आवळे वाहतो, आणि चैत्र-वैशाखात तिला वनवासाला धाडतो.

येथे कोणी म्हणेल, “महाराज, झाड पोष्य झाले, मग तुमचे त्या दिवशी काय चुकले? आश्रिताचे पाणी तुम्ही राखून ठेवले होते.” हा आक्षेप पोकळ नाही. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की तुळस संध्याकाळपर्यंत थांबू शकत होती. उन्हातून आलेले तान्हे पोर थांबू शकत नव्हते. ज्याला थांबता येत नाही त्याचा क्रम पहिला. घरात चार जणांचे पान वाढलेले असताना रडणाऱ्या लेकराला आई आधी भरवते, तेव्हा उरलेल्यांचा अपमान होत नाही.

दुसरे उत्तर अधिक बोचणारे आहे. तांब्या एक आणि तोंडे दोन, असा तो प्रसंग आम्हाला वाटला. पण तसा तो नव्हताच. त्याच सकाळी सुनेने तांदूळ धुतले होते, भाजी धुतली होती. ते पाच-सहा तांबे पाणी मोरीवाटे गेले होते. एका बेताच्या कुंडीला वैशाखातही दिवसाला तांब्या-दोन तांबे पुष्कळ होतात. म्हणजे पाणी कमी नव्हते, आमचे अवधान कमी होते. ते धुवण आम्ही तुळशीला का घातले नव्हते? सोवळे आडवे आले. धुतल्याचे पाणी देवतेला कसे घालावे?

या सोवळ्याचा निकाल लावणे भाग आहे. तुळशीची पूजा आणि तुळशीची तहान या दोन गोष्टी आपण एक करून टाकल्या, तेथे घोटाळा झाला. पूजेचे पाणी शुद्ध हवे, पण ते पळीभर पुरते. तहानेचे पाणी तांब्याभर लागते, आणि ते मुळाला जाते. मुळाला आपण शेणखत घालतो ना? ते सोवळ्यात बसते, आणि तांदळाचे धुवण बसत नाही, हा कोठला न्याय? माती सगळ्यांना पोटात घेऊन शुद्ध करते. म्हणून आता आमच्या घरी नियम आहे : पळीभर चांगले पाणी पूजेला, आणि तांदळा-डाळीचे, भाजीचे धुवण मुळाला. उष्टी भांडी धुतलेले किंवा साबणाचे पाणी मात्र घालत नाही. ते सोवळ्यासाठी नव्हे. त्यातले मीठ, तेल आणि साबण मुळाला बाधते म्हणून.

आता ज्यांच्या दारात कुंडी आहे त्या माउलींसाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो. या आम्ही पोथीत वाचल्या नाहीत. तुळस गमावल्यावर शेतकऱ्यांना आणि घरातल्या बायकांना विचारून शिकलो.

पाणी सूर्य वर येण्याच्या आधी घालावे. घालण्यापूर्वी बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावी. ओल लागली तर थांबावे. भर दुपारी पाने माना टाकतात. ती संध्याकाळी आपली आपण उभी राहिली तर ते उन्हाने मिटणे होते, तहान नव्हे. ते पाहून घाबरून पाणी ओतत राहिले की मूळ कुजते. कुंडीच्या तळाला भोक असावे आणि त्यावर खापरीचा तुकडा असावा, म्हणजे पाणी निघून जाते व माती राहते.

माती नुसती तांबडी घेतली तर ती विटेसारखी बसते. दोन वाटे माती, एक वाटा वाळू, एक वाटा मुरलेले शेणखत असे मिश्रण चांगले. मुरलेले म्हणजे काळे, हाताला भुसभुशीत आणि शेणाचा वास गेलेले. ताजे शेण कुंडीत कुजताना तापते आणि कोवळी मुळे भाजतात. आमच्याकडून घडले ते हेच. गांडूळखत मूठभर महिन्यातून एकदा, कडुलिंबाची पेंड चिमूटभर, एवढे पुरे होते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि पाणी कालवून केलेले जीवामृत हल्ली पुष्कळ जण वापरतात. सुभाष पाळेकरांनी त्याचा प्रसार केला. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ते शेताच्या मापाचे आहे. कुंडीला घालायचे तर पातळ करून आणि थोडेच. भर वैशाखात मात्र खताचा हात आखडताच ठेवावा. ज्वर आलेल्याला पेज द्यावी, पुरणपोळी देऊ नये. खत म्हणजे नैवेद्य नव्हे, की जास्त दाखवला म्हणून देव जास्त प्रसन्न झाला.

हा भाताचा मुलूख आहे. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ सालापासूनचे. येथे पेंढा आणि तूस यांना तोटा नाही. कुंडीतल्या मातीवर दोन बोटे पेंढा किंवा वाळला पाला अंथरला की ओल टिकते आणि पाणी कमी लागते. कुंडी तापल्या फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी. सकाळचे ऊन तुळशीला हवेच. पण दुपारी बारा ते चार झावळीची सावली द्यावी. चार कुंड्या असतील तर एकमेकींना लगटून ठेवाव्या, म्हणजे एकीची सावली दुसरीला मिळते. दिवा हातभर दूर लावावा. दूध-साखर मुळाशी ओतू नये. मुंग्या आणि बुरशी येते.

आणि मंजिरी. तुळशीला मंजिरी येऊन बी धरले की रोप आपले काम झाले असे समजून उतरणीला लागते. मंजिरी वेळेवर खुडली तर ते पुन्हा फुटते. आणि खुडलेली मंजिरी कोठे जाते? विठ्ठलाच्या पायी. देवाला वाहणे आणि रोप जगवणे ही दोन कामे येथे एकाच चिमटीत होतात. एखादी मंजिरी मात्र बियांसाठी राखावी, आणि पहिल्या पावसात ते बी पेरावे.

राहिला वारीचा प्रश्न. आषाढीला घर सोडले तर पाऊस तुळशीला सांभाळतो. चैत्री वारीला निघताना मात्र ती कोणाच्या तरी हवाली केलीच पाहिजे. शेजाऱ्याला सांगावे, त्यात कमीपणा नाही. तेही जमत नसेल तर पाण्याने भरलेले भांडे कुंडीहून जरा उंच ठेवून सुती चिंधीची वात त्यातून कुंडीच्या मातीत सोडावी. झिरपत झिरपत पाणी पोचते. आश्रिताला उपाशी ठेवून केलेली वारी पांडुरंगाला कशी रुचावी? पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवले ते आईबापांच्या सेवेसाठी, हे आपणच तर जगाला सांगतो.

ही वातीची युक्ती नवी नाही. धर्मसिंधूचे कर्ते काशीनाथशास्त्री उपाध्ये पंढरपूरचे; ग्रंथ १७९० च्या सुमाराचा. त्यात वैशाख मासाची कृत्ये सांगताना प्रपादान म्हणजे पाणपोई सांगितली आहे, देवावर गलंतिका म्हणजे गळती बांधणे सांगितले आहे, पिंपळाच्या मुळाशी पाणी घालणे सांगितले आहे, आणि तुळशीने विष्णूची पूजाही सांगितली आहे. पाठशाळेत हे आम्ही पाठ केले तेव्हा वेगवेगळी व्रते म्हणून पाठ केले. आता वाचतो तेव्हा दिसते की वाटसरू, देव आणि झाड हे तिघे वैशाखात एकाच पंगतीला बसवले आहेत. तिघांनाही तहान आहे असे धरून चालले आहे. एकाचे काढून दुसऱ्याला द्यावे असे तेथे कोठे सुचवलेले नाही.

आणि ग्रंथ तरी कशाला हवा? आपली दिंडी डोळ्यांपुढे आणा. एका माउलीच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असते, तिच्या शेजारच्या माउलीच्या डोक्यावर पाण्याचा हंडा असतो. चालणाऱ्याला तहान लागली की हंडेवाली थांबते, पाणी देते, पुन्हा ओळीत येते. मुक्काम आला की तुळशीवाली तुळस उतरवते आणि तिच्या मुळाला पाणी घालते. दोघी एका ओळीत, एका तालावर पंढरीला जातात. तुळशीवालीने हंडेवालीला कधी “थांब” म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. आम्ही ज्या प्रश्नात अडखळलो तो या दोन बायकांनी चालता चालता सोडवला आहे.

त्या वर्षीची वाळलेली काटकी आम्ही टाकून दिली नाही. तिचे चार मणी करून माळेत ओवले. नव्या पावसात नवे रोप लावले, ते आज दारात आहे. त्याच्या शेजारी पाण्याचा एक माठ आणि पेला ठेवलेला असतो. चैत्र लागला की सून तो भरते, तांदळाचे धुवण तुळशीला घालते, आणि करवंदांच्या दिवसांत वाडीवरून उतरणाऱ्या बाया न विचारता पाणी पिऊन जातात. आता कोणाला मागावे लागत नाही, आणि आम्हालाही कोणाला थांबवावे लागत नाही.

वाचकांनी उद्या सकाळी आपल्या तुळशीला नमस्कार करण्यापूर्वी एकदा मातीत बोट घालून पाहावे, आणि मग दाराबाहेरही एकदा पाहावे. एवढीच विनंती. रामकृष्णहरि.